सी, डी, ई आणि सातबारा

जमिनीची वाटणी जवळून पाहिलेल्या माणसाला हार्ड डिस्कचं पार्टिशन वेगळं शिकवावं लागत नाही. त्याला एवढंच सांगायचं, की रान एकच आहे, कागदावर त्याचे तीन हिस्से पाडलेत, आणि प्रत्येक हिस्सेदाराला आपल्याला कमी आलं असं वाटतं. बाकीचं तो स्वतःच समजून घेतो. वर दोन अनुभवाच्या गोष्टी आपल्यालाच सांगतो.

फुलंब्रीत हे फार सोयीचं पडतं. संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जाणारा पर्यटक आमचं गाव गाडीच्या काचेतून बघतो आणि सिल्लोडच्या दिशेनं निघून जातो. इथं खरा थांबतो तो तहसिलीत काम असलेला माणूस. मका, कपाशी, अद्रक असं काहीबाही रानात उभं असतं आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद असतात. त्याच्यासाठी झेरॉक्स, स्टँप, ऑनलाइन फॉर्म अशी दुकानं ओळीनं मांडलेली असतात, आणि त्या ओळीत कुठंतरी कॉम्प्युटर दुरुस्तीचंही एक दुकान असतंच. अशा दुकानात वेळ घालवायला मला आवडतं. डॉक्टरकडे माणसं आजार लपवतात, वकिलाकडे व्यवहार लपवतात. इथं मात्र काय बिघडलंय हेच ठाऊक नसल्यानं लपवायलाही काही उरत नाही.

तिथले संवाद साधारण एकाच चालीचे.

"काय झालं काका?"

"लई हळू चालू राहिला हो. बटण दाबून चहा पिऊन आलो, तरी ते गोल गोल फिरूच राहिलं."

"विंडो उडाली. फॉरमॅट मारावं लागन."

"मारा. पण माझं सामान जाईन का?"

"डीमधलं राहतं. सीमधलं जातं."

"मंग माझं कुठंय?"

"डेस्कटॉपवर."

"म्हंजे राहीन ना?"

"डेस्कटॉप सीमध्येच असतो, काका."

या शेवटच्या वाक्यावर भल्याभल्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला आहे. डेस्कटॉप म्हणजे गायरान, कुणाच्याच हिश्श्यात नसलेली मोकळी जागा, अशी सगळ्यांची प्रामाणिक समजूत असते. म्हणून मुलीच्या लग्नाचे फोटो, सोसायटीचा अर्ज, पीक विम्याची पावती, आधार कार्डाची दोन्ही बाजूंची छायाचित्रं, सगळं तिथंच आणून टाकलेलं. आणि ती जागा निघते नेमकी सीच्या गटातली; ज्या हिश्श्यावर संकट सगळ्यात आधी येतं, त्याच हिश्श्यातली.

आता पहिल्या हिश्श्याचं नाव सी का, हा प्रश्न एखादं शाळकरी पोरगंच विचारतं. मोठी माणसं विचारत नाहीत, कारण सरकारी कागदावरची अक्षरं का असतात हे विचारायची आपल्याला सवय नाही. खरं कारण मोठं घरगुती आहे. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. फ्लॉपीच्या दोन खाचा असायच्या, त्यांची नावं ए आणि बी. १९८३ मध्ये एक्सटी नावाचं पुढचं मॉडेल १० मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन आलं. तिच्या वाट्याला तिसरं अक्षर आलं, सी. दहा मेगाबाइट म्हणजे आजच्या मोबाइलवरचे दोन-तीन फोटो. त्यानंतर फ्लॉपी गेल्या, त्यांच्या खाचा गेल्या, फ्लॉपी म्हणजे काय हे ठाऊक असणारी पिढीही रिटायर व्हायला लागली. पण कॉम्प्युटर अजून सीपासूनच मोजतो. आजा-पणजा जाऊन कित्येक वर्षं झाली, तरी वारसनोंद न केल्यानं सातबाऱ्यावर पहिली दोन नावं त्यांचीच असावीत, तसं हे आहे. ती नावं कुणाला नडत नाहीत, म्हणून कुणी कमी करायलाही जात नाही.

डिस्क वाटून घ्यायची आपल्याकडची एक ठरलेली रीत आहे. सीवर विंडोज आणि बाकीची प्रोग्रॅमं. डीवर कामाचं. ईवर गाणी, पिक्चर आणि लग्नाची व्हिडिओ शूटिंग. २००१ साली एमकेसीएल निघालं आणि एमएस-सीआयटीच्या वर्गांनी तालुक्या-तालुक्यात माऊस धरायला शिकवला, त्या पिढीला ही रीत आपोआप लागली. विचार चांगलाच होता. विंडोज बिघडली तर सी पुसायचा, पुन्हा टाकायची. डी आणि ईला धक्का नाही. प्रत्यक्षात वर्षभरानं उघडून पाहिलं तर डीमध्ये पिक्चर असतात, ईमध्ये बँकेची कागदपत्रं, आणि सीमध्ये 'न्यू फोल्डर' नावाचे बरेच हिस्सेदार आपापले आकडे लावून बसलेले. वाटणीपत्र कितीही रेखीव असलं, तरी पुढं बैल कुणाच्या रानात चरतो त्यावर खरा ताबा ठरतो.

कमी भरल्याची तक्रार तर दोन्हीकडे सारखीच. खोक्यावर पाचशे जीबी छापलेलं आणि आत चारशे पासष्ट. गिऱ्हाइकाला वाटतं, दुकानदारानं पस्तीस जीबी काढून घेतले. दुकानदार शपथा घेतो. चोर मात्र कुणीच नसतो. डिस्क बनवणारी कंपनी हजाराच्या पटीनं मोजते, विंडोज १०२४ च्या पटीनं मोजते, आणि दोघंही त्याला जीबीच म्हणतात. प्रत्येक पायरीवर थोडा फरक पडत जातो आणि वर पोचेपर्यंत तो पस्तीस होतो.

हे समजावून सांगायला मला गुंठ्याइतकं चांगलं साधन सापडलं नाही. ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा. असे चाळीस झाले की एकर. दशमान पद्धत आली आणि सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १०७६ चौरस फूट. लोकांनी बोलताना आर म्हणजेच गुंठा धरून टाकला. पण चाळीस गुंठे आणि चाळीस आर यांत पाचशे चौरस फुटांचा फरक पडतो, जवळजवळ अर्धा गुंठा. बापानं पाच एकर सांगितलं, मोजणीत दोन-अडीच गुंठे कमी निघाले, आणि बांधाशेजारच्या चुलत्याकडं बघण्याची नजर बदलली, असं कुठं ना कुठं झालेलं असणारच. माप बदललं की माणसावर संशय येतो. डिस्कच्या बाबतीत निदान चुलता तरी नसतो.

तुकडे किती पाडायचे यालाही दोन्हीकडे कायदा आहे. जमिनीसाठी १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारनं ग्रामीण भागासाठी जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ही किमान मर्यादा ठरवली. डिस्कचा जुना कायदा याहून कडक होता. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या घरात हिश्श्यांचा तक्ता लिहिलेला असतो, आणि त्या तक्त्याला जागा दिलेली फक्त ६४ बाइट. एका हिश्श्याच्या नोंदीला १६ बाइट लागतात, म्हणून मूळ हिस्से चारच. पाचवा भाऊ जन्मला तर? मग त्यावर आपल्याकडे काढतात तसाच तोडगा काढला गेला: चौथ्या हिश्श्याला 'एक्स्टेंडेड' म्हणायचं आणि त्याच्या पोटात हवे तेवढे पोटहिस्से पाडायचे. नव्या जीपीटी पद्धतीत विंडोजवर १२८ हिस्से पाडता येतात. एवढे हिस्से कुणी पाडलेले मी पाहिले नाहीत. पण एखाद्या गटाच्या सातबाऱ्यावर तेवढी नावं असली तर मला नवल वाटणार नाही.

सगळ्यात मोठं भांडण लागतं ते जागा वाढवायच्या वेळी. सी भरून लाल झालेला असतो. ई निम्मा रिकामा पडलेला असतो. गिऱ्हाईक म्हणतं, "ईमधली जागा काढा अन् सीला लावा." ऐकायला काय साधं वाटतं! पण विंडोजचं स्वतःचं डिस्क मॅनेजमेंट सीला तेव्हाच वाढवतं, जेव्हा त्याच्या उजव्या बांधाला लागून मोकळी जागा असेल. आणि तिथं तर डी बसलेला. ई कितीही उदार झाला, तरी मध्ये डीचं रान आहे. धाकट्या भावानं आपली दोन एकर थोरल्याला द्यायचं कबूल केलं, पण त्या दोघांच्या मधोमध मधला भाऊ आहे आणि तो इंचभर सरकायला तयार नाही, हे चित्र इथल्या कुणालाही काढून दाखवावं लागत नाही. बाहेरची सॉफ्टवेअरं डीला उचलून पलीकडे सरकवतात खरी. पण सरकवताना मध्येच लाइट गेली तर डीमधलं काय होईल ते सांगता येत नाही. म्हणून जाणता कारागीर आधी विचारतो, "यूपीएस आहे का?" आणि नसेल तर हात जोडतो.

लाइटचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. मराठवाड्यातल्या कॉम्प्युटरांच्या निम्म्या दुखण्यांना सॉफ्टवेअर नव्हे, भारनियमन जबाबदार होतं असं माझं मत आहे. जुन्या विंडोजला झटक्यात लाइट गेलेली आवडायची नाही. पुन्हा चालू केलं की ती निळ्या पडद्यावर आधी आपल्यालाच समज द्यायची, की तुम्ही मला नीट बंद केलं नाही. आणि मग स्कॅनडिस्क लावून सगळं रान पायी तुडवत निघायची. तिचं तुडवून होईपर्यंत लाइट पुन्हा जायची. वीज मंडळानं घातलेल्या घोळाबद्दल कॉम्प्युटरनं आपल्याला रागवावं, आणि आपणही मान खाली घालून ऐकावं, असे ते दिवस.

दुरुस्तीचा क्रमही ठरलेला असतो. पहिला उपाय, बंद करून चालू करणं. याला कुणी हसू नये. चालू कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या आठवणीत जो गुंता झालेला असतो, तो बंद केल्यावर खरोखरच पुसला जातो. दुसरा, वायरी काढून पुन्हा खोचणं. तिसरा, रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबरानं घासणं. काळ्या मातीची धूळ आणि दमट हवा यांचा थर त्या दातांवर बसतो, तो निघाला की मेलेला डबा चालू झालेला मी पाहिला आहे. मग सेफ मोड, मग चेक डिस्क, मग नुकतंच काय नवीन टाकलं होतं याची उलटतपासणी. "काहीच नाही टाकलं" हे उत्तर इथं ग्राह्य धरत नाहीत. एवढ्यानं भागलं नाही तर शेवटी फॉरमॅट.

या सगळ्यात गिऱ्हाइकाला फार अपराधी वाटतं. आपलंच काहीतरी दाबलं गेलं, असं त्याला वाटत असतं. त्याला मी २० एप्रिल १९९८ ची गोष्ट सांगतो. शिकागोतल्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स भर मंचावर उभे होते, विंडोज ९८ किती सोपी आहे ते दाखवणं चाललं होतं. सहकाऱ्यानं स्कॅनर जोडला आणि त्याच क्षणी मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर निळा रंग पसरला: विंडोज उडाली. सभागृह हसलं. गेट्सही हसले आणि म्हणाले, की म्हणूनच आम्ही ही अजून बाजारात आणलेली नाही. जिथं खुद्द मालकाच्या वाड्यावर हे झालं, तिथं आपण कूळ माणसं. आपण कशाला मनाला लावून घ्यायचं?

पण फॉरमॅटनंतरचा एक त्रास खास आपला आहे, तो गेट्सना कधी झाला नसणार. विंडोज नवी टाकली, डीमधल्या फाइली जिथल्या तिथं आहेत, गिऱ्हाईक खुशीत जुना अर्ज उघडतं आणि पडद्यावर मराठीच नाही. रोमन अक्षरं, कंस, टक्के, उलटे स्वल्पविराम यांचा नुसता सडा. युनिकोड सर्वत्र रुळायच्या आधी मराठी टायपिंग चालायचं ते पुण्याच्या सीडॅकच्या आयएसएमवर, श्रीलिपीवर आणि त्यांच्या निरनिराळ्या फाँटवर. कॉम्प्युटर मनातल्या मनात रोमन अक्षरंच साठवायचा. फाँट त्यावर मराठी मुखवटा चढवायचा. सीबरोबर फाँट गेला की खालचा मूळ चेहरा उघडा पडायचा. सामान डीमध्ये शाबूत, आणि ते वाचायची नजर सीमध्ये गेलेली.

यावर एक गंमत सुचते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा मराठवाड्यातल्या कचेऱ्यांतून निजामाच्या काळातले दप्तरांचे गठ्ठे बाहेर निघाले. कुठं उर्दू, कुठं मोडी. जाणकार बोलावले, त्यांनी भिंगं लावली आणि शंभर वर्षांपूर्वीचा कारकून काय लिहून गेला ते वाचून दाखवलं. आणि आपण पंचवीस वर्षांपूर्वी स्वतः टाइप करून घेतलेला अर्ज आपल्याला वाचता येत नाही. मोडीचा जाणकार मिळतो; त्या फाँटची सीडी मिळत नाही.

हे सगळं पाहता पाहता एक गोष्ट मला पटत गेली. वाटणी जमिनीत नसते, नोंदीत असते. डिस्कवर कुठं भिंत नाही की बांध नाही. चुंबकाचा लेप दिलेल्या गुळगुळीत चकत्या फिरतात, एवढंच. सी कुठं संपला आणि डी कुठं लागला हे फक्त त्या तक्त्याला माहीत. तो तक्ता खराब झाला की कॉम्प्युटर सांगतो, डी नाहीच. गिऱ्हाईक तिथंच खाली बसतं. वास्तविक एकही फोटो हललेला नसतो. पीक उभं आहे, विहिरीला पाणी आहे, फक्त सातबारा हरवला आहे. मग टेस्टडिस्कसारखं सॉफ्टवेअर रानभर फिरून हद्दीच्या खुणा शोधतं, हिस्सा कुठं सुरू होत होता ते ओळखतं आणि तक्ता पुन्हा लिहितं. मोजणीवाला जुन्या दगडांवरून हद्द कायम करून देतो, तेच काम. तोवर गिऱ्हाइकानं एकच पथ्य पाळायचं: त्या डिस्कवर नवीन काही लिहायचं नाही. वादातल्या जमिनीत नांगर घालू नये म्हणतात, ते इथं शब्दशः खरं आहे.

जमिनीच्या कचेरीत याच्या नेमकं उलट दुःख घेऊन माणसं येतात. तिथं नोंद ठणठणीत असते आणि रानच दुसऱ्यानं कोरून नेलेलं असतं. आणि आता तर दोन्ही दुःखं एकाच जागी आली आहेत. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला, २०२१ पासून पीक पाहणीही शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर करायची ठरली. म्हणजे आपली जमीन फुलंब्रीत आणि तिची नोंद कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरच्या डिस्कवर, कुठल्यातरी पार्टिशनमध्ये. सेवा केंद्रात "सर्व्हर डाऊन आहे" ऐकलं की म्हातारी माणसं दचकतात, त्यांना कुणी अडाणी म्हणू नये. नोंद हीच जमीन आहे हे त्यांना आपल्याआधी कळलेलं असतं.

नवे लॅपटॉप आता एकाच हिश्श्याचे येतात. नुसता सी. आत एसएसडी, फिरणाऱ्या चकत्याही नाहीत. जाणकार सांगतात, की हिस्से पाडून वेग वाढत नाही, फोल्डर करा, पुरे आहे. पण आमच्याकडचं गिऱ्हाईक सीलबंद खोकं घेऊन थेट दुकानात येतं आणि म्हणतं, "यात डी काढून द्या." अख्खं रान एकाच्या नावावर आहे, हे त्याला बघवत नाही. दुकानदार सी आक्रसून डी काढून देतो; माणूस निश्चिंत होतो. मला त्यात वावगं दिसत नाही. कुठलं सामान कुठं आहे हे ठाऊक असल्याचं समाधान लहान नसतं, आणि विंडोज नव्यानं टाकायची वेळ आलीच तर डीची वाटणी कामालाही येते.

फक्त तिच्याकडून किती अपेक्षा करायची ते कळलं पाहिजे. वाटणी माणसाच्या चुकीपासून वाचवते. डिस्कच मेली तर सी, डी, ई एकाच दिवशी जातात. पूर आला की तिन्ही भावांचं रान सारखंच खरवडून निघतं, तेव्हा बांध कुणाचा हे नदी विचारत नाही. तरीही सीमधल्या फाइलींची प्रत डीमध्ये ठेवून बॅकअप घेतला म्हणणारी माणसं मला भेटत राहतात. जीपीटीनंसुद्धा आपल्या तक्त्याची दुसरी प्रत ठेवली आहे, ती त्याच डिस्कच्या शेवटच्या टोकाला. त्यामुळे तक्ता वाचेल. रान वाचणार नाही.

हेच दुकानदार परवा एका गिऱ्हाइकाला समजावत होता. "काका, एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या, अन् ती या घरात ठेवू नका. दुसऱ्या घरी ठेवा. भावाकडं ठेवा."

काकांनी थोडा वेळ विचार केला.

"नको," ते म्हणाले. "भावाकडं ठेवली तर तो म्हणन, यातली निम्मी माझी."